डावीकडे निजलेल्या शिवणी

त्या घरातली इस्त्री एवढी जड होती, की ती वर टेबलावर ठेवली की खालच्या मजल्यावर न्हाव्याचा वस्तरा गिऱ्हाइकाच्या गालावर एक उडी मारायचा. न्हावी हे शपथेवर सांगायचा, आणि त्याच्या गिऱ्हाइकांचे गाल बघितले की विश्वास ठेवण्यावाचून गत्यंतर नसायचं. इस्त्री विजेवरची, पण जुन्या जमान्यातली. तिची वायर कापडात गुंडाळलेली आणि आखूड. म्हणजे इस्त्री जाईल तिथपर्यंतच इस्त्रीवाली जाणार. आणि इस्त्रीवाली म्हणजे घरातली धाकटी सून.

घर गोधड्या शिवणाऱ्यांचं. शिंप्यांच्या दुकानांतून उरलेल्या चिंध्या गोळा करायचं काम धाकटीच्या नवऱ्याकडे. त्या चिंध्यांचे चौकोन कापायचे आणि पुढच्या खोलीत जमिनीवर रंगाला रंग लावून मांडायचे, ते सासूबाईंकडे. मांडलेले चौकोन ओळीओळीने उचलून मशीनवर जोडायचे, ते थोरल्या जावेकडे. आणि जोडलेल्या शिवणी उलट्या बाजूने दाबून निजवायच्या, ते धाकटीकडे.

निजवणं हा त्या घरचा शब्द. दोन तुकडे जोडले की मागच्या बाजूला शिवणीची माया, म्हणजे टाक्याबाहेर सोडलेलं जास्तीचं कापड, कोंबड्याच्या तुऱ्यासारखी उभी राहते. तिला एका कुशीवर निजवावंच लागतं. आधी तळहाताने चापून बसवायची, मग वरून इस्त्री ठेवायची. ठेवायची बरं का, फिरवायची नाही. इस्त्री फिरवली की कापड ताणतं आणि चौकोनाचा पतंग होतो. त्यात आणखी एक मेख. एका ओळीतल्या सगळ्या शिवणी डावीकडे निजवल्या, तर पुढच्या ओळीतल्या सगळ्या उजवीकडे. म्हणजे दोन ओळी एकमेकींना जोडताना शिवणीला शिवण भेटते तिथे एक इकडे सरकते, दुसरी तिकडे, आणि एका बाकावर दोन बहिणी दाटीवाटीने बसाव्यात तशा त्या छान बसतात. दोन्ही एकाच बाजूला निजल्या, तर एकीवर एक चढते आणि तिथे वाटाण्याएवढी गाठ उठते. ती गाठ वरून दिसत नाही, पण झोपणाऱ्याच्या पाठीला बरोबर सापडते.

हे सगळं धाकटीला सासूबाईंनी शिकवलं होतं. वर त्यांचं स्वतःचं एक खास कसब होतं. शिवण निजवून झाली की तिचं मोकळं टोक अंगठ्याच्या नखाने जरासं आत मुडपायचं, म्हणजे धागे सुटत नाहीत. हे माझ्या सासूलाही यायचं नाही, असं त्या येईल त्याला सांगायच्या. माझ्या आधी जगात कुणी केलं नव्हतं, असंही सांगायच्या, पण ते फक्त नवीन माणसांना.

इस्त्रीची खोली पाठीमागे. कधीकाळी ते स्वयंपाकघर होतं, म्हणून भिंतीत ताटं सरकवायला एक चौकोनी फट होती, तिला लाकडी झडप. खोलीत वर, छताला टेकून, एक छोटी खिडकी. आता खिडकी होती तर वारा यायला हवा. पण दार उघडलं तरच तो यायचा, आणि यायचा तो घोड्यावर बसल्यासारखा, थेट पुढच्या खोलीत, जिथे सासूबाईंनी अख्खी सकाळ घालवून चौकोन मांडलेले असायचे. एकदा दार उघडं राहिलं आणि एक पिवळा चौकोन रस्त्यावर उडाला, तो न्हाव्याच्या खुर्चीत बसलेल्या माणसाच्या साबण लावलेल्या तोंडाला असा चिकटला, की न्हाव्याने रुमाल समजून त्यानेच तोंड पुसलं. तेव्हापासून चौकोन मांडलेले असेपर्यंत दार बंद. आणि चौकोन तर रोजच मांडलेले असायचे.

म्हणून धाकटी आत, दार बंद, पंखा नाही. झडप वर व्हायची, थोरलीचा हात यायचा, हातात जोडलेली ओळ. झडप खाली, खट. ओळ निजवून झाली की झडप वर, धाकटीचा हात बाहेर, ओळ गेली, खट. कधीकधी तिला वाटायचं, थोरलीला धड असं नाहीच, नुसता कोपरापर्यंत हात आहे आणि त्यात बांगडीऐवजी टाचण्यांची उशी. उकाडा असा, की भिंतीवरची पाल खाली उतरून पाण्याच्या तांब्याला टेकून बसायची. कधी धाकटी विचारायची, दार जरा उघडता का हो? बाहेरून सासूबाईंचं उत्तर ठरलेलं.

"एवढी ओळ होऊ दे, मग उघडते."

ओळ व्हायची. पण तोवर पुढची ओळ आत आलेली असायची.

धाकटी काही रडूबाई नव्हती. माहेरी तिने मशीन चालवलेली होती आणि रंगांचं तिला वेड होतं. आत बसून, हातात येणाऱ्या ओळीवरून ती मनातल्या मनात अख्खी गोधडी मांडायची, आणि बहुतेक वेळा सासूबाईंपेक्षा बरी. इथे निळ्याशेजारी हिरवा कशाला, तो खाली हवा, असं ती पालीला समजावून सांगायची. पण तिचं जे काम, ते कुणाला कधी दिसणार नव्हतं. गोधडीला अस्तर लागलं की सगळ्या शिवणी आत. बाहेरचा माणूस रंगांचं कौतुक करणार, टाक्यांचं करणार. आत निजलेल्यांची कोण वास्तपुस्त करतंय?

मग अशी बातमी आली, की थोरलीच्या नवऱ्याची बदली झाली. दुसऱ्या गावी, घर मिळणार होतं, महिनाअखेरीला निघायचं. थोरलीने तोंड दुःखी केलं, पण तिचे पाय मशीनखाली नाचत होते. आणि धाकटीने झडप जराशी वर करून मशीनकडे बघून घेतलं. मशीन पुढच्या खोलीत, रस्त्याकडच्या मोठ्या खिडकीला लागून. तिथे बसणाऱ्याला येणारंजाणारं दिसतं, वारा लागतो, मांडलेले चौकोन पायाशी असतात. आज ना उद्या सासूबाईंची नजर कमी होणार, मग मांडायचं कामही मशीनवालीकडे येणार. ही जागा आत्ता मिळाली तर मिळाली.

तिने दोन दिवस वाक्य जुळवलं आणि जेवताना सासूबाईंना विचारलं. सासूबाईंनी घास चावून चावून गिळला. मशीनवर बसायला त्यांनी आपल्या भाचीला बोलावणं धाडलं होतं. ती सोमवारी येणार होती. पोरगी मशीन बरी चालवते, म्हणाल्या, आणि शिवाय रिकामीच आहे.

"आणि तू गं कशाला ती जागा मागतेस?" सासूबाई म्हणाल्या. "तुझ्यासारखा हात सात गावांत नाही. तुझा हात त्या खोलीतून काढला तर हे घर बसेल."

हेच ते. शिव्या दिल्या असत्या तर उलट बोलता आलं असतं. कौतुकाचं कुलूप उघडायला किल्ली कुठली आणायची? थोरली ताटातलं पाणी बोटाने फिरवत बसली. नवऱ्याने नंतर धाकटीचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, तुझं बरोबर आहे म्हणाला, आईचंही बरोबर आहे म्हणाला, आणि पिशवी उचलून शिंप्यांकडे निघून गेला.

थोरलीने मात्र भांडी पुसता पुसता एक गोष्ट सोडली. ती म्हणाली, अगं, आपल्या सासूबाई पण आधी त्याच खोलीत होत्या ना. त्या कशा सुटल्या, ठाऊक आहे ना तुला?

ठाऊक होतं. ती कथा तर खालच्या न्हाव्यालाही पाठ होती. सासूबाई नव्या नवरी असताना त्यांना कडक ताप आला. ताप गेला, पण जाताना हातांची ऊब घेऊन गेला. तळहात असे गार पडले, की शेजारणी उन्हाळ्यात त्यांच्या हातावर लोण्याची वाटी ठेवून गप्पा मारत बसायच्या. अशा हाताने शिवण कसली निजणार? कितीही चापा, उभीच्या उभी. सासूबाई ढसाढसा रडल्या, त्यांच्या सासूने डोक्याला हात लावला, आणि नाइलाजाने इस्त्री काढून घेऊन त्यांच्या हातात कात्री दिली. सासूबाई ही कथा सांगताना शेवटी नेहमी आपला तळहात ऐकणाऱ्याच्या गालाला लावून दाखवायच्या. गारच लागायचा. पाण्याचा तांब्या नेहमी जवळ असायचा, ही गोष्ट वेगळी.

धाकटीने विचार केला, ताप काही मागून येत नाही. पण शिवणी बिघडवता येतात. जिचा हात वाईट, तिला कोण इस्त्रीपाशी ठेवणार? आपण चांगलं काम करतो म्हणून अडकलो, तर वाईट करू या की. सरळ हिशोब.

दुसऱ्या दिवशी ती मुद्दाम वाईट काम करायला बसली. आणि तिथेच फजिती. उजवीकडच्या ओळीतली पहिली शिवण तिने डावीकडे पाडली, दुसरी पाडली, आणि तिसरीला हात आपोआप उजवीकडे वळला. तिने उलगडून परत डावीकडे केली. पुढची करताना पालीशी दोन शब्द बोलायला गेली, तेवढ्यात हाताने दोन शिवणी व्यवस्थित निजवून टाकल्या. हात तिचाच, पण सासूबाईंना फितूर झालेला. चुकीचं करायचं म्हणजे प्रत्येक शिवणीला थांबून आठवायचं, की आपल्याला चुकायचं आहे. बरोबर करताना कधी एवढा घाम आला नव्हता. संध्याकाळपर्यंत ज्या ओळी बाहेर गेल्या, त्यांत काही शिवणी इकडे, काही तिकडे, काही चुरगळून मध्येच, सगळा गोंधळ.

झडप वर झाली. या वेळी थोरलीचा नाही, सासूबाईंचा हात आला, ओळींचा गठ्ठा घेऊन.

"आज उकाडा फार आहे," सासूबाई बाहेरून मायेने म्हणाल्या. "पाणी पी, आणि एवढ्या परत कर. मन लागलं नाही की हात असे इकडेतिकडे होतात. मला कळतं."

खट.

धाकटी त्या गठ्ठ्याकडे बघत राहिली. आता तर तिला चुकायचीही सोय राहिली नव्हती. चुकली तर तेच काम पुन्हा करायचं, त्याच खोलीत. तिने सगळ्या शिवणी उलगडल्या, सगळ्या परत निजवल्या. खाली न्हाव्याने छताला काठीने ठोकलं. सोमवार जवळ येत होता.

शुक्रवारी सासूबाईंची दाढ सुजली. त्या गालाला फडकं बांधून दातांच्या डॉक्टरकडे गेल्या आणि नेमकं त्याच वेळी कोपऱ्यावरचे घड्याळजी काखेत एक गोधडी घेऊन वर आले. आत धाकटीला झडपेच्या फटीतून त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. गोधडी त्यांच्या आईने इथूनच करवून घेतलेली, ते पाळण्यातून उतरले तेव्हाची. अस्तर विरलं होतं, ते नवीन लावून हवं होतं. आणि आणखी एक काम होतं, ते सांगताना घड्याळजी जरा लाजले.

ही गोधडी वरच्या अर्ध्या भागात लोण्यासारखी आहे, म्हणाले, पण खालचा अर्धा भाग टोचतो. लहानपणी पायाकडची बाजू डोक्याकडे करून उलटी अंथरून बघितली, तर पाठीला टोचायची. सुलटी अंथरली तर पायांना. दुसरी गोधडी घरात नव्हती. म्हणून ते गुडघे पोटाशी घेऊन वरच्या अर्ध्या भागातच झोपायला शिकले.

"अजून तसाच झोपतो," घड्याळजी म्हणाले. "बायको मला स्वल्पविराम म्हणते. आता या वयात तरी पाय लांब करून झोपावं म्हणतोय."

थोरली एवढी हसली, की तिच्या तोंडातली टाचणी खाली पडली. संध्याकाळी चारला न्यायला येऊ का, असं त्यांनी विचारलं तेव्हा तिने त्यांना सोमवारपर्यंत थांबायला सांगितलं, आणि गोधडी अस्तर उसवायला आत सरकवली. गोधडी जाड, फट लहान. बाळंतपणासारखं बाहेरून ढकलणं आणि आतून ओढणं झालं, तेव्हा कुठे ती धाकटीच्या टेबलावर आली.

धाकटीने अस्तर उसवलं, आतला जुना कापूस बाजूला केला आणि वरचा पदर उलटा पसरला. इतक्या वर्षांनी कुणीतरी त्या शिवणींचं तोंड बघत होतं. वरचा अर्धा भाग बघून तिला स्वतःचंच काम बघितल्यासारखं वाटलं. एक ओळ डावीकडे, एक उजवीकडे, आणि प्रत्येक शिवणीचं टोक नखाने मुडपलेलं. म्हणजे सासूबाईंचा हात. बरोबर होतं, त्या काळी त्याच इथे बसत होत्या.

मग मधोमध एक ओळ आली, आणि तिथून खाली सगळ्या शिवणी डावीकडे. एक ओळ डावीकडे, पुढची डावीकडे, त्याच्या पुढचीही. जिथे जिथे ओळी भेटत होत्या तिथे तिथे गाठ. घड्याळजींचा गुन्हेगार सापडला होता.

ताप आला तो इथे, असं धाकटीला आधी वाटलं. इथे बिचारीचे हात गार पडले. तिने सवयीने एका शिवणीवर बोट फिरवलं आणि तिचं बोट थांबलं. शिवण कागदाच्या घडीसारखी बसली होती. गार हाताने निजवलेली शिवण फुगलेली असते, अर्धवट असते, जागच्या जागी कुरकुरते. ही तर गाढ झोपलेली. पुढचीही तशीच. सगळ्याच तशा, सुरीच्या धारेसारख्या, एकूण एक डावीकडे. ज्या ओळी उजवीकडे जायच्या, त्यांतली एकही शिवण चुकूनसुद्धा उजवीकडे निजलेली नव्हती.

ती स्टुलावर बसली. चार दिवसांपूर्वी तिने स्वतः हेच करून बघितलं होतं. तिला ठाऊक होतं, की थकलेल्या माणसाच्या हातून थोडं बरोबर होतं आणि थोडं चूक. तिच्या हाताने तर तिला तीन शिवणी सलग चुकू दिल्या नव्हत्या. आणि इथे अर्धी गोधडी, एकही शिवण न सोडता, डावीकडे. एवढं बिनचूक चुकायला केवढा तयार हात लागत असेल! आणि टोकं? टोकं तिथेही नखाने मुडपलेलीच होती. बाई एवढी मोठी लबाडी करत होती, पण टोक तसंच सोडून देणं काही तिच्या जिवाला जमलं नव्हतं.

धाकटीला हसू आलं. आणि लगेच ते विरलं. म्हणजे या बाईला ही खोली ठाऊक आहे. वरची खिडकी ठाऊक आहे, आखूड वायर ठाऊक आहे, दुपारी भिंती कशा अंगावर येतात ते ठाऊक आहे. यातून बाहेर पडायला तिने अर्धी गोधडी बिघडवली, तापाची कथा रचली, आणि बाहेर गेल्यावर दार बंद करून घेतलं.

बाहेर सासूबाई परत आल्याचा आवाज आला. फडक्यातून त्या थोरलीला विचारत होत्या, आतला आवाज का बंद आहे, इस्त्री का वाजत नाही.

धाकटीने गोधडी हातावर घेतली आणि दार उघडलं.

वारा तिच्याआधी बाहेर पोचला. सकाळपासून मांडलेले चौकोन भुरकन उडाले, जणू कुणी कबुतरांवर टाळी वाजवली. थोरलीने मशीनवरून उतरून दोन पायांखाली जमतील तेवढे दाबले. सासूबाई तर सरळ जमिनीवर बसकण मारून बसल्या, अंगाखाली निदान दोन ओळी तरी वाचाव्यात म्हणून. गाल सुजलेला, त्यामुळे ओरडता येईना. एक लाल चौकोन त्यांच्या डोक्यावर जाऊन बसला.

धाकटीने गोधडी त्यांच्या पुढ्यात उलटी पसरली आणि म्हणाली, ही घड्याळजींची आहे. खाली टोचते म्हणतात. का टोचते ते सोमवारी ते विचारतील, तर काय सांगू?

सासूबाईंनी खाली बघितलं. त्यांचा हात, डोळ्यांना न विचारता, शिवणींवर गेला. वरच्या भागावर फिरला, मधल्या ओळीपाशी आला आणि उचलला गेला, तव्यावरून उचलावा तसा. 

"त्या बाईचा हात गार असेल," सासूबाई शेवटी म्हणाल्या.

"गार हाताने अशी धार बसत नाही, सासूबाई. आणि चुकणारा हात असा एकसारखा चुकत नाही, मी करून बघितलंय."

थोरली एका चौकोनावर पाय ठेवून, दुसरा पाय हवेत, अशी उभी राहिली.  सासूबाईंनी डोक्यावरचा लाल चौकोन काढला, मांडीवर ठेवला, त्याच्या कडा सरळ करत बसल्या. त्यांनी कबूल काही केलं नाही. करणाऱ्यांतल्या त्या नव्हत्याच. फक्त विचारलं, आता हे नीट कसं करायचं म्हणतेस?

धाकटीने सांगितलं, कुणी भाजीचा भाव सांगावा इतक्या शांतपणे. खालच्या अर्ध्या भागातल्या ओळी एकमेकींपासून उसवायच्या. एक सोडून एक ओळ उजवीकडे निजवायची. मग परत जोडायच्या. जोडायचं काम मी करते, मशीनवर. थोरल्या वहिनींना बांधाबांध करायची आहे. थोरलीने जोरजोरात मान हलवली आणि मशीनच्या खुर्चीवरून आपली उशीसुद्धा उचलून घेतली.

"आणि निजवणार कोण?" सासूबाईंनी विचारलं. "भाचीला यातलं ओ की ठो कळत नाही."

 धाकटी मागच्या खोलीच्या उघड्या दाराकडे बघत राहिली. थोरलीही तिकडेच बघायला लागली. सासूबाईंनी आधी एकीकडे बघितलं, मग दुसरीकडे, आणि मग गालाचं फडकं घट्ट केलं. हात टेकून उठल्या, कुरकुर करत, गुडघ्यांना नावं ठेवत, आत गेल्या. दार त्यांनी स्वतःच लावलं. इतक्या वर्षांची शिस्त होती ती.

धाकटीने चौकोन गोळा करून परत मांडले. मांडताना तिने निळ्याशेजारचा हिरवा उचलून खाली ठेवला. मग ती खिडकीपाशी मशीनवर बसली. रस्त्यावर एक माणूस सायकल ढकलत चालला होता, एक बाई दारात उभी राहून कुणालातरी काहीतरी सांगत होती. तिने घड्याळजींच्या गोधडीतली पहिली ओळ उसवली. झडप वर केली, ओळ आत दिली. ही उजवीकडे, असं सांगितलं.

आत इस्त्री वाजली. बसकी, जड, एका मापाची. खाली न्हावी काहीतरी ओरडला.

झडप वर झाली, ओळ बाहेर आली. धाकटीने ती उलटून बघितली. सगळ्या शिवणी डावीकडे. पूर्वीपेक्षाही धारदार, टोकं नखाने मुडपलेली, एकही सुटलेली नाही.

थोरलीने बघितलं आणि तोंडात ओढणीचं टोक कोंबलं.  ती म्हातारी, सुजलेला गाल घेऊन, आत बसल्या बसल्या परत तोच डाव खेळली होती. आणि आता जर धाकटीने मुकाट्याने ही ओळ घेऊन स्वतः नीट केली, तर तिला नीट करायला आत जावं लागणार होतं. म्हणजे संपलं.

तिने ओळ तशीच झडपेतून परत आत सरकवली.

"सासूबाई," ती म्हणाली, "हा हात मी ओळखते. पुन्हा करा."

 आतून एक आवाज आला, तो खोकला असेल, नाहीतर दाढ दुखली असेल. पण तो वाढत गेला, आणि शेवटी स्पष्ट कळलं की आत कुणीतरी सुजलेल्या गालाने हसतंय आणि हसताना आई आई करतंय. मग इस्त्री परत वाजायला लागली.

या वेळी ओळ आली ती उजवीकडे. धाकटीने ती शेजारच्या ओळीवर ठेवली, शिवणीला शिवण भिडवली, आणि दोन्ही आपोआप सरकून एकमेकींपाशी बसल्या. टाचणीही लागली नाही. अंगठ्याखाली गाठ म्हणून नाही. कसला हात होता त्या बाईचा, आणि तो कात्रीला जुंपला एवढी वर्षं.

तिने मशीन चालू केली. दोन ओळी झाल्या, तिसरी झाली. मग झडपेच्या फटीतून सासूबाईंचा आवाज आला, पण हुकमाचा नाही, विचारातून निघाल्यासारखा. त्या चौकोनांवर काहीतरी वजन ठेवलं तर उडणार नाहीत ना गं, म्हणाल्या. वाट्या आहेत, पेले आहेत, रिळं आहेत. कितीतरी आहे घरात. आणि भाचीला निरोप पाठव, म्हणावं घाईने येऊ नको. आली तर इकडे आत शिकायला बसेल माझ्यापाशी, आणि मग आपण आलटूनपालटून करू. पण ते नंतर.

"आता आधी दार उघड," सासूबाई म्हणाल्या. "इथे जीव गुदमरतो."

थोरली वाट्या आणायला धावली. धाकटीचा पाय मशीनवरून उठला होता. तिने तो परत टेकवला.

"एवढी ओळ होऊ दे," ती म्हणाली, "मग उघडते."

आणि तिने ती ओळ सावकाश, अगदी सावकाश, खिडकीबाहेर बघत बघत, शेवटच्या टाक्यापर्यंत नेली. मग ती उठली. थोरलीने प्रत्येक चौकोनावर काही ना काही ठेवलं होतं. वाट्या, पेले, दोऱ्याची रिळं, दोन चमचे, आणि लाल चौकोनावर सासूबाईंची कात्री. धाकटीने दार उघडलं. वारा आला, सगळ्या खोलीभर फिरला, आणि एकही तुकडा जागचा हलला नाही.